पिठल्याइतकं घट्ट

पिठाच्या डब्याचं झाकण खर्रर्र करून थरथरलं आणि मोठ्या मिनतवारीनं घरात आणलेली शांतता तडकली. मेघानं डब्याकडे डोळे वटारले. मांडीवर तिची चार वर्षांची लेक मोनाली नुकती कुठे झोपली होती. तिच्या पापण्या हलल्या, ओठ पुटपुटले आणि देवाच्या नव्हे, तर थकव्याच्या कृपेनं पुन्हा मिटले. पाय तसूभरही न हलवता मेघा कमरेतून वाकली आणि तिनं डब्यावरचा फोन उचलला.

फोन तिचा नव्हता, सासऱ्यांचा होता. सिडकोतल्या त्या घरात नेटवर्क फक्त पिठाच्या डब्यावर यायचं, म्हणून तो तिथे. आणि सासऱ्यांचा फोन सुनेच्या हातात यासाठी, की पुंडलिकरावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी काळा चष्मा चढवून सांगितलं होतं, ‘फोनकडे बघायचंसुद्धा नाही.’ पुंडलिकराव पाटबंधारे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. लेखी आदेश मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बघायचं नाही म्हणजे नाही. पण बोलायला बंदी कुठे होती?

“मेघा, लिही,” असं म्हणून ते रोज संध्याकाळी अंगणातल्या खुर्चीत बसत आणि मोनाली त्यांच्या पायाशी. “सर्वांना सप्रेम जय भीम...”

हे ‘सर्व’ म्हणजे ‘बुलेट जुनी, रुबाब तोच’ नावाचा ग्रुप. जुन्या बनावटीची, लोखंडी इंजिनाची बुलेट असलेली शहरातली आणि आसपासची माणसं त्यात होती. निवृत्तीनंतर वडील दिवसभर नुसते भिंतीकडे बघत बसतात, हे बघून मेघाच्या नवऱ्यानं, अभयनं, त्यांना त्यात घातलं. पुंडलिकरावांची बुलेट होतीच. मात्र ती कित्येक वर्षांपासून जिन्याखाली ताडपत्रीत उभी होती. त्यांच्या पत्नी भामाबाई तिच्या सीटवर गोधड्या आणि हँडलवर मिरच्यांची माळ वाळत घालायच्या. गाडी सुरू होणं दूरच, तिच्या चाकांत हवा होती हेसुद्धा कुणी शपथेवर सांगितलं नसतं.

आणि तरी एका संध्याकाळी पुंडलिकराव म्हणाले, “लिही. काल अजिंठ्याला जाऊन आलो. गाडीनं हूं का चूं केलं नाय.”

मेघाचा अंगठा अधांतरी थांबला. तिनं सासऱ्यांकडे बघितलं. काळ्या चष्म्यामागे काय होतं ते दिसत नव्हतं, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसत होत्या.

“लिहिलं का?”

“लिहिलं, मामा.”

तिनं लिहिलं, आणि त्यावर ग्रुपमधून ‘वा साहेब’, ‘क्या बात’, ‘या वयात!’ असे आवाज उठले. तिनं ते वाचून दाखवले तेव्हा म्हातारा माणूस खुर्चीत इंचभर उंच झाला. मग दर रविवारी पुंडलिकराव अजिंठ्याला ‘जाऊ’ लागले. घरातल्या घरात त्यांची चाल बदलली. भाजी अळणी झाली तर ते बोलून दाखवू लागले. भामाबाई म्हणाल्या, “बाई, माणूस परत आला गं.” तो माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसू नये, एवढंच मेघाला हवं होतं. पुढे जे झालं ते याच एका इच्छेपायी.

तर त्या दुपारी डबा थरथरला तो यासाठी, की ग्रुपमधल्या करमाडच्या कडूबानं विचारलं होतं, “पुंडलिकराव, गाडीत तीन ठिकाणी तेल असतंय म्हणं. कोणतं कुठं टाकावं?”

पुंडलिकराव बाहेरच्या खोलीत घोरत होते. ते उठेपर्यंत थांबता आलं असतं. पण मेघा बी.एस्सी. होती आणि लग्न झाल्यापासून घरात तिला फक्त ‘टॉवेल कुठंय’ एवढाच प्रश्न विचारला गेला होता. आता प्रश्नच चालून आला होता, आणि मांडीवर पोर असल्यानं दुसरं काही करताही येत नव्हतं. तिनं आवाज बंद करून दोन-तीन व्हिडिओ बघितले, इकडचं तिकडचं वाचलं आणि मन लावून लिहिलं: जुन्या बुलेटमध्ये इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. आणि डाव्या बाजूच्या लांबट डब्यात, जिथे साखळी आणि क्लच फिरतात, तिथलं म्हणजे क्लचकेसातलं तिसरं. इंजिनात २०डब्ल्यू-५०, गिअरबॉक्सात ९० नंबरचं जाड, क्लचकेसात पातळ. सगळं बरोबर होतं. खाली तिनं ‘आपला, पुंडलिक’ असंही लिहिलं.

कडूबाचं उत्तर आलं, “साहेब, नंबर कळत नाय. सोपं करून सांगा.”

इथे थांबायला हवं होतं. पण मोनालीनं कूस बदलली, समोर गॅसवर सकाळच्या स्वयंपाकाचं पातेलं दिसत होतं, आणि मेघाचा अंगठा चालला. ‘इंजिनात आमटीइतकं, गिअरबॉक्सात पिठल्याइतकं घट्ट, क्लचकेसात कढीइतकं पातळ. संपलं.’

ग्रुप अक्षरशः उसळला. शहागंजात ट्रंका आणि दप्तरं विकणारे मोहियोद्दीनभाई ग्रुपचे प्रमुख होते. त्यांनी लिहिलं, “उस्ताद! चालीस साल में किसी ने ऐसा नहीं समझाया.” कुणी ते वाक्य फुलांच्या चित्रावर लिहून सगळीकडे पाठवलं. संध्याकाळी मेघानं सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते एवढंच: “मामा, तुम्हाला उस्ताद म्हणायलेत.”

“कशामुळं?”

“असंच. तुमचं बोलणं आवडतं त्यांना.”

पुंडलिकरावांनी गालावरून हात फिरवला. मग म्हणाले, “उद्या दाढी करायला पाहिजे.” मेघाला त्या वेळीच जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं होतं. पण जमिनीला त्या दिवशी सवड नव्हती.

आठवडा सरला नाही तोच पहिली खबर आली. मोहियोद्दीनभाईंना ‘कढीइतकं’ म्हणजे किती, याचा नेमका अंदाज हवा होता. माणूस चोख. त्यांनी घरी बायकोला, कमरुन्निसाबींना, कढी करायला लावली, वाटीभर डब्यात घेतली आणि तेलाच्या दुकानात जाऊन सांगितलं, “इतका गाढा देना.” दुकानदारानं एक बोट कढीत बुडवलं, एक तेलात बुडवलं आणि वरच्या फळीवरचं सगळ्यात दाट तेल काढून दिलं. कारण कमरुन्निसाबींची कढी भज्यांची. तिच्यात चमचा सोडला तर तो पडत नाही, विचार करत उभा राहतो.

ते तेल क्लचकेसात गेलं. दुसऱ्या दिवशी भर शहागंजात मोहियोद्दीनभाईंनी क्लच दाबला आणि गाडी थांबली नाही. वेगात नाही, अगदी अदबीनं ती पुढे पुढे चालत राहिली आणि प्लास्टिकच्या बादल्यांच्या दुकानात शिरली.

तिकडे करमाडला कडूबाच्या घरी पिठलं पातळ, भाकरी कुस्करून वर ओतायचं. त्यानं कुणाला न विचारता गिअरबॉक्सात पातळ तेल ओतलं. जुन्या गिअरबॉक्सला असलं तेल धरून ठेवता येत नाही. ते गाडीनं रातोरात अंगणात सोडून दिलं. पहाटे सरूबाई, म्हणजे कडूबाची बायको, त्यातून चालत घरात गेली, आणि गौरीच्या दिवसांत उमटतात तशी, फक्त काळी, पावलं थेट देव्हाऱ्यापर्यंत उमटली.

दोन्ही हकिगती ग्रुपवर आल्या, पण कुणी उस्तादांना दोष दिला नाही. मेघाला तेच जास्त लागलं. मोहियोद्दीनभाईंनी फक्त लिहिलं, “साहब, आपसे रूबरू समझना पडेगा. इतवार को घर आते.”

 मेघानं घाईघाईनं लिहिलं, ‘रविवारी मी घरी नसतो. अजिंठ्याला जातो.’

क्षणात उत्तर आलं. “और भी अच्छा! सब साथ में चलेंगे. आपके घर से ही निकलेंगे. आप आगे, हम पीछे.”

आणि त्याखाली अंगठ्यांची रांगच रांग.

मेघानं हे कुणालाच सांगितलं नाही. तिला वाटलं, माणसं बोलतात तेवढी येत नाहीत. शनिवारी संध्याकाळी पुंडलिकरावांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “काय म्हणायलेत लोक?” तेव्हा ती म्हणाली, “काही नाही मामा, आज सगळे गप्प आहेत.” अभयची शेंद्र्याला कंपनीत सलग शिफ्ट होती, तो रविवारी नव्हताच. मग तिनं मोनालीची वेणी घातली. ती इतकी घट्ट बसली की पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या.

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी धडधड सुरू झाली. आधी एक, मग तीन, मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. शेजारच्या रत्नमालाबाई गॅलरीत येऊन म्हणाल्या, “भामाबाई, तुमच्याकडं काय वरात आली की काय?”

पुंडलिकराव चहाचा कप घेऊन अंगणात बसले होते. आवाज ओळखायला त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. ते ताडकन उठले, मग बसले, मग शर्टाचं वरचं बटण लावलं.

“जय भीम, साहब!” मोहियोद्दीनभाई हात पसरून आत आले. पांढरी दाढी, अत्तराचा घमघमाट. मागे कडूबा, त्याच्या हातात भेंड्यांची पिशवी. त्यांच्या मागे ग्रुप. “अरे, ये चष्मा? आंख का ऑपरेशन?”

“व्हय. झालं मागच्या महिन्यात.”

कडूबा भोळेपणानं म्हणाला, “मंग गेल्या ऐतवारी अजिंठ्याला कसं गेलते, साहेब?”

अंगणात कुणीतरी खाकरलं. पुंडलिकराव म्हणाले, “एकाच डोळ्याचं झालंय.”

हे उत्तर सगळ्यांनी मान्य केलं, नव्हे, त्यात त्यांना मर्दानगी दिसली. मेघा दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. 

“तो साहब, पहले तेल की बात,” मोहियोद्दीनभाई खुर्ची ओढून बसले. “मैंने कढी के हिसाब से डाला, कसम से. क्लच पूरा दबेला है, और गाडी चलीच जा री, चलीच जा री, दूल्हे के घोडे के माफिक. सामने बादलीवाला हाथ जोड के खडा, बोले चचा रुको. मैं बोला, मियां, मैं तो कब का रुक गया, ये नै रुक री!”

“अन् माझ्या घरात,” कडूबा म्हणाला, “सरूबाई आठ दिवस झाले फरशी पुसायली. म्हणती, तुमच्या त्या पिठलेवाल्या साहेबाला एकदा घरी आणा, मला बघायचंय.”

“पिठलेवाला?” पुंडलिकरावांनी मान वळवली. “कोण पिठलेवाला?”

सगळे हसले. उस्ताद विनोद करतात असं त्यांना वाटलं. मोहियोद्दीनभाईंनी फोन काढून ते वाक्य खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, ‘आपला, पुंडलिक’पर्यंत.

काळा चष्मा हळूहळू दाराकडे वळला. मेघानं खाली बघितलं. ट्रेमधल्या चहावर साय धरली होती. तिला वाटलं, आता ते म्हणतील, हे मी सांगितलंच नाही. म्हणावंच. त्यांचा हक्क होता.

पुंडलिकरावांनी घसा साफ केला. “व्हय. मीच सांगितलं.”

मग थोडं थांबून, हेडक्लार्कच्या सुरात, “त्यात चूक काय हाय? चूक तेलाची नाय. तुमच्या घरच्या कढीची हाय. नियम बरोबर हाय, अंमलबजावणी चुकली.”

“माझ्या पिठल्याला कोण नावं ठेवायलंय?” आतून भामाबाईंचा आवाज आला आणि पाठोपाठ त्या स्वतः आल्या, पदर खोचून. त्यांना अर्धंच ऐकू गेलं होतं. “बसा सगळे. खाऊन बघा अन् मंग बोला.”

त्यांचं पिठलं नुकतंच उतरलं होतं. परातभर भाकरी निघाल्या. बुलेटवाले ओट्यावर, पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथे बसून जेवले. मोहियोद्दीनभाईंनी पिठल्यात चमचा उभा केला आणि गंभीरपणे म्हणाले, “हौ. ये है गिअरबॉक्स.” कडूबा म्हणाला, “एवढं घट्ट? हे तर ओढत न्यावं लागल.” दोघांची जुंपली. भामाबाई म्हणाल्या, “भांडू नका, अजून मारा हात,” आणि भाकरी वाढत राहिल्या. थोडा वेळ मेघाला वाटलं, सुटलो आपण. माणसाचं पोट भरलं की तो घरी जातो.

पण पोट भरल्यावर मोहियोद्दीनभाईंनी हात पुसले आणि घड्याळ बघितलं. “चलो साहब. धूप चढ री. आप आगे, हम पीछे. गाडी निकालो, पहले जरा आपकी गाडी के तीनों तेल बी देख लेते. असल नमुना वहीच है.”

“हां, ते बेस!” ग्रुप उठला. सगळ्यांची नजर जिन्याखाली गेली. ताडपत्रीवर गोधडी होती, गोधडीवर मिरच्या.

पुंडलिकराव उठले नाहीत. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मेघाला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ इंच-इंच करत खाली येत होती. भिंतीकडे बघत बसायचे तेव्हा असायची तशी. एक उत्साही माणूस ताडपत्रीची दोरी शोधू लागला.

“थांबा!”

आपला आवाज इतका मोठा आहे हे मेघाला माहीत नव्हतं. हातातला रिकाम्या कपांचा ट्रे तिनं तसाच जमिनीवर ठेवला.

“ते मी लिहिलंय. पिठलं, कढी, आमटी... सगळं मीच. मामांना काहीच माहीत नव्हतं. ते झोपले होते.” तिचे कान पेटले होते. “माझ्यामुळं तुमची गाडी बादल्यांत गेली. सरूबाईंना फरशी पुसावी लागली. मला माफ करा. मामा उगाच माझ्यासाठी खोटं बोलले.”

दोरी शोधणारा माणूस सरळ झाला. बुलेट विसरली गेली. इतकी माणसं एका बाईकडे बघत उभी राहिली की तिला पदर कुठे घ्यावा हेसुद्धा सुचेना, कारण तिनं पंजाबी ड्रेस घातला होता.

मोहियोद्दीनभाई दाढी कुरवाळत म्हणाले, “बेटी, तू? ये आमटी-पिठला तेरा था?”

“हो, चाचा.”

“माशाल्लाह,” ते हळूच म्हणाले. रागावले नव्हते, आणि मेघाला रागावलेले चालले असते. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. पेट्यांच्या कुलपात जन्म गेलेला माणूस, एक किल्ली फिरली की दुसरी फिरवून बघणारच. “मगर फिर अजिंठे का? वो इतवार का सफर... गाडी ने हूं का चूं नै किया... वो किसने लिखा?”

 भामाबाईंचा परात उचलता हात थांबला. पुंडलिकरावांचं डोकं खाली गेलं. काळ्या चष्म्याच्या कडेनं त्यांचा गाल दिसत होता, कालच घोटून दाढी केलेला.

ते काही बोलायला तोंड उघडतायत हे मेघाला दिसलं आणि ती त्यांच्या आधी बोलली. “ते पण मीच. मला वाटलं तुम्हाला आवडेल. मामा कुठं गेले नाहीत, गाडी बंद आहे. त्यांनी असलं काही सांगितलंच नव्हतं. एक अक्षरसुद्धा नाही. मीच रचलं.”

“सगळं?”

“सगळं.”

कडूबानं भेंड्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “वहिनी, लई छान रचलं होतं पण,” तो पडेल आवाजात म्हणाला. “घाटातलं वळण तर मला दिसायलं होतं.” कुणीतरी ‘जाऊ द्या’ म्हणालं. मोहियोद्दीनभाईंनी पुंडलिकरावांच्या खांद्यावर हात ठेवला. “साहब, आपका क्या कसूर. आप तो झूठ बोलने वाले आदमीच नै.”

त्या हाताखाली पुंडलिकराव ताठ झाले नाहीत. उलट आणखी लहान झाले. मेघाच्या लक्षात आलं, आपण त्यांना वाचवलं नाही. सगळ्यांदेखत त्यांच्यावर खरेपणा लादला. पण शब्द आता परत घेता येत नव्हते.

तेवढ्यात पुंडलिकरावांच्या पायाशी, जिथे ती रोज संध्याकाळी बसायची त्याच जागी बसलेली मोनाली भाकरीचा तुकडा चघळत उठली. घट्ट वेणीमुळे तिच्या भुवया अजून वरच होत्या, त्यामुळे ती आधीच आश्चर्यात पडल्यासारखी दिसत होती. ती सगळ्यांमधून वाट काढत आईपर्यंत आली, तिची ओढणी ओढली, आणि लहान मुलं गुपित विचारतात तशा, म्हणजे गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आई, अजिंठ्याचं तर आबा सांगायचे अन् तू लिहायचीस. मग खोटं बोललं म्हणून कान कुणी धरायचे? तू, का आबांनी?”